डाळीत मीठ कोणी टाकलं?

हिंगणखारच्या मारुतीच्या पारासमोर त्या रविवारी सकाळी जेवढी माणसं जमली होती, तेवढी मतदानालाही कधी जमली नव्हती. सगळ्यांच्या नजरा दोन चुलींवर होत्या. चुलींवर दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, गंजांत तुरीची डाळ आणि प्रश्न एकच, शिजते की नाही. चंद्रावर यान उतरताना माणसं टीव्हीसमोर श्वास धरून बसतात, तसं अख्खं गाव डाळीसमोर बसलं होतं.

परक्या माणसाला यात हसण्यासारखं वाटेल. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात ज्याचा जन्म गेला त्याला वाटणार नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात बोअर कुठेही मारा, पाणी लागतं आणि ते खारं लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. दुपारपर्यंत जाळ घातला तरी दाणा दाण्याला धरून बसतो. म्हणून इथे पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही, चुलीवर होते. डाळ शिजली की पाणी गोडं. सोयरीक जुळवताना मुलीकडचे हुंड्याबद्दल एक वेळ गप्प बसतील, पण तुमच्याकडे डाळ शिजते का, हे विचारल्याशिवाय उठत नाहीत.

दर्यानाथ महाराजांनी गावात पाऊल टाकायच्या आधीच ही गोष्ट विचारून घेतली होती.

महाराज पारावर गादी टाकून बसले होते. अंगावर समुद्राच्या रंगाची रेशमी कफनी, गळ्यात शंखशिंपल्यांच्या माळा, समोर त्रिशूळ. पाठीमागे निळ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेलं मोठं गोल टाकं होतं. टाक्यात गावच्याच बोअरचं खारं पाणी, पाण्यात बुडबुडे सोडणारी मोटर आणि बोटाएवढाले जिवंत झिंगे. वऱ्हाडात झिंगा बघायला मिळतो तो बाजारात, वाळलेला. जिवंत झिंगा डोळे वर करून बघतो म्हटल्यावर निम्मं गाव तिथेच नमस्काराला वाकलं होतं.

महाराजांनी म्हणे बारा वर्षं समुद्राच्या तळाशी तप केलं होतं. इतकी वर्षं श्वास कसा घेतला, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की योजनेला सबसिडी आहे का.

"झिंगा म्हणजे कोण?" महाराज माइकवर विचारत होते. "झिंगा हा वरुणदेवाचा झाडूवाला. त्याचा आहार काय? लवण. समुद्रात इतकी युगं झिंगे आहेत म्हणून समुद्र आटोक्यात आहे, बालकांनो. नाही तर आतापर्यंत मिठाचा डोंगर झाला असता. सायन्सही आज हेच मान्य करतंय."

सायन्सनं हे कधी आणि कुठे मान्य केलं, ते सांगायची जबाबदारी शिष्य कुंदनवर होती. त्यानं ती एका फलकावर भागवली होती. फलकावर एक गोरा माणूस परीक्षानळी धरून हसत होता.

योजना अशी होती. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची चराईची जमीन आहे. ती महाराजांच्या ट्रस्टला द्यायची. तिथे बोअर मारून पंचवीस-तीस तळी खोदायची, खारं पाणी भरायचं, झिंगे सोडायचे. झिंगे मीठ खाऊन फुगणार, परदेशात जाणार. मीठ त्यांच्या पोटातून बोटीनं देशाबाहेर. दोन-तीन हंगामांत गावाची जमीन गोडी, पाणी गोडं, वर डॉलर. तळ्यांना मात्र प्लास्टिक लावायचं नाही, अशी महाराजांची आज्ञा होती. भूमातेला समुद्राचा स्पर्श झाला पाहिजे. अस्तराचा खर्च वाचतो, हे त्यांनी सांगितलं नाही. देवाच्या आज्ञा अशा काटकसरीच्या निघाल्या की त्या माणसाच्या असतात, हे गर्दीत कोणाला सुचलं नाही.

गर्दीच्या मागे रश्मी वानखडे उभी होती. गावचीच मुलगी, अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर रविवारी वडलांना बघायला येते. झिंगे मीठ खातात हे ऐकून तिला आधी हसू आलं होतं. पण आता तिचं लक्ष चुलींवर होतं आणि हसू गेलं होतं.

कारण तिला लबाडी सापडत नव्हती. डाळ कौशल्याच्या घरची होती. नाल्याकाठी मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून विकणारी कौशल्या, गावभर सरळ म्हणून माहीत. दोन्ही गंज तिचेच. एका गंजात तिनं सरळ बोअरचं पाणी घातलं, दुसऱ्यात टाक्यातलं, स्वतःच्या हातानं भरून. महाराज चुलीजवळही फिरकले नाहीत. उलट माइकवरून बजावत राहिले, की सोडा टाकायचा नाही, मीठ टाकायचं नाही, काही टाकायचं नाही. आणि नैवेद्य आहे, म्हणून कोणी चाखायचाही नाही. हे शेवटचं बजावायची गरजच नव्हती. नैवेद्य देवाआधी जिभेला लावणारी बाई हिंगणखारात जन्मायची होती.

बोअरच्या पाण्यातली डाळ तशीच राहिली, छर्ऱ्यांसारखी. टाक्याच्या पाण्यातली डाळ फुटली, विरघळली, पळीला लोण्यासारखी लागली.

कुंदननं शंख फुंकला आणि नैवेद्य दाखवून ती डाळ प्रसाद म्हणून वाटली. बायांनी कौशल्याच्या पाया पडून घेतलं. महाराजांनी तिला अन्नपूर्णा म्हणून साडी दिली आणि पहिलं तळं तिच्या नावानं खोदायचं जाहीर केलं. सरपंच वामनरावांनी गर्दीवरून मान उंच करून रश्मीला शोधलं.

"काय मॅडम, शिजली ना डाळ? आता काय म्हनते तुमचं सायन्स?"

लोक वळून बघू लागले. रश्मी पुन्हा चुलींकडे बघू लागली. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायला दुसरं काहीतरी हाती लागावं लागतं. वामनरावांनी लगेच जाहीर केलं की ई-क्लासच्या जमिनीसाठी पुढच्या रविवारी विशेष ग्रामसभा.

रश्मीचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धपुऱ्यात. घरापासून हाकेच्या अंतरावर गोडी विहीर आहे. अख्ख्या शिवारात गोड्या पाण्याची ती एकच. वरच्या ई-क्लासच्या उतारावर पडलेला पाऊस मुरत मुरत तिथे येतो आणि खाऱ्या पाण्याच्या वर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो, दुधावरच्या सायीसारखा. रश्मीच्या आजोबांच्या काळी वरच्या आळीला या विहिरीचं पाणी चालत नव्हतं. नळ पंधरवड्यातून एकदा येऊ लागला, तेव्हापासून चालू लागलं. आता सकाळी सगळ्या जातींचे हंडे तिथे रांगेत असतात.

रश्मीच्या वडलांना, धर्मपाल वानखड्यांना, त्या विहिरीशिवाय गत्यंतर नव्हतं. ते निवृत्त पोस्टमन. मूत्रपिंडं कमजोर झाल्यापासून डॉक्टरांनी मिठाला हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिलेली. त्या घरात डाळ गोड्या विहिरीच्या पाण्यात शिजायची आणि मिठाशिवाय खाल्ली जायची. रश्मीची आई जाईबाई आपल्यासाठीही वेगळी करत नसत. रश्मी आली की तीही तीच अळणी डाळ खायची.

ती घरी पोचली तेव्हा जाईबाई एक झाकलेली वाटी उघडत होत्या.

"हे कायचं?" धर्मपालांनी बाजेवरून विचारलं.

"परसादाची डाळ हाये."

"छप्पन साली बापानं देवपूजा सोडली अन् तू म्हातारपनी झिंगेवाल्याचा परसाद आनून राहिली?"

"झिंगेवाल्याची नाही, कौशल्याची डाळ हाये. तिनंच धाडली. म्हने मीठ नाही टाकलं, धर्मपालभाऊले चालते. रोज माह्या हातचं खाता, एक दिवस दुसऱ्याच्या हातचं खा."

एवढ्या मायेनं आलेली वाटी परत पाठवायची धर्मपालांची तयारी नव्हती. त्यांनी भाकरी मोडली. घास तोंडात गेला आणि त्यांचा चेहरा उजळला. रश्मीनं पुष्कळ दिवसांत त्यांना जेवताना असं पाहिलं नव्हतं.

"बेस झाली," ते म्हणाले. "लय दिवसानं डाळ डाळीसारखी लागली."

रश्मीनं त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली, जवळजवळ हिसकावली, आणि बोट बुडवून जिभेला लावलं.

डाळीत मीठ होतं. जास्त नाही, कमी नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला शाबासकी मिळावी एवढं नेमकं.

"काहून, काय झालं वं?" जाईबाईंनी विचारलं.

"खाऊ नका बाबा," रश्मी म्हणाली. "यात मीठ हाये."

ती तशीच नाल्याकाठी गेली. कौशल्या वाफ्यात बसून मेथी उपटत होती, नवी साडी घडी करून घरी ठेवून आली होती. रश्मीनं विचारलं तसा तिचा चेहरा उतरला. मीठ टाकलं नाही, हे तिनं मुलाच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. घरी ती बोअरच्या पाण्यात डाळ करते तेव्हा सोडाही टाकते, मीठ मात्र हात आखडून टाकते. पाण्यातच असते ना, हे ती स्वतःच बोलून गेली आणि बोलता बोलता थांबली.

"म्हंजे पानी खारंच होतं?" तिनं हळूच विचारलं.

"तू चाखलं असतं तर तुले चुलीपाशीच समजलं असतं."

"नैवेद कसा चाखू वं माय."

"त्यायले हेच माहीत होतं."

पण गोडं नसेल तर डाळ शिजली कशी, हे कौशल्याला समजेना. रश्मीनं विचारलं, टाक्यात काही टाकतात का? कौशल्या म्हणाली, भस्म. पहाटे भस्मारती होते. पांढरं भस्म, घमेलंभर. उरलेल्याच्या पुड्या करून वाटतात. प्रत्येक घराच्या देव्हाऱ्यात एक आहे. तिच्या कमरेच्या पिशवीतही एक होती. रश्मीनं चिमूटभर तळहातावर घेतलं, बांधावरच्या झाडाचं लिंबू तोडलं आणि पिळलं. भस्म फसफसून वर आलं.

कौशल्या त्या फेसाकडे बघत राहिली. तिच्या स्वैपाकघरात तीच पावडर हळदीच्या डब्याशेजारी होती. गावातल्या प्रत्येक स्वैपाकघरात होती. सोडा टाकायचा नाही, असं महाराज माइकवरून ओरडत होते ते खोटं नव्हतं. गंजात नव्हताच टाकला. टाक्यात टाकला होता.

"सभेत सांगशील?" रश्मीनं विचारलं.

कौशल्यानं मातीचे हात पुसले. तिच्या नावानं पहिलं तळं निघायचं होतं. बाया पाया पडल्या होत्या. मग तिनं विचारलं, "भाऊनं किती खाल्ली डाळ?"

"एक घास."

तिनं मान हलवली आणि पुन्हा मेथीकडे वळली. ती येईल की नाही, हे रश्मीला आठवडाभर कळलं नाही.

विशेष ग्रामसभा शाळेच्या अंगणात भरली. ग्रामसेवकानं ठराव वाचला. महाराज खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, उपस्थितांचं कल्याण चिंतत. कुंदन लोकांना अंगठे वर करायची रंगीत तालीम देत होता. रश्मीनं बोलायची परवानगी मागितली.

"बोल," वामनराव म्हणाले. "पन थोडक्यात. हे तुह्यं कॉलेज नाही."

"एकच प्रश्न आहे. गेल्या रविवारच्या डाळीत मीठ कोणी टाकलं?"

लोक हसले. कुंदननं माइक ओढून सांगितलं की मीठ टाकलेलंच नव्हतं, साऱ्या गावानं पाहिलं आहे. हाच तर चमत्कार.

"मग डाळ अळणी लागायला पाहिजे होती. कोणाला अळणी लागली?"

पुढच्या रांगेत नत्थुजी बसले होते. गावात कोणाच्याही घरी पंगत असली की पहिल्या पानावर बसणारे, आणि जेवणावर मत देण्याचा हक्क वयानं मिळवलेले. ते म्हणाले, "अळणी कशाची? मीठ नेमकं होतं. म्या दोनदा मागून घेतली." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. हो, बेस होती. नेमकी होती. मग माना हलायच्या हळूहळू थांबल्या. ज्याच्या त्याच्या ध्यानात येऊ लागलं होतं.

कौशल्या उठली. तिनं महाराजांकडे पाहिलं नाही. "मीठ म्या टाकलं नाही," ती म्हणाली. "डाळीत जे होतं ते टाक्याच्या पान्यातलं होतं. म्या ते बिमार मानसाच्या घरी धाडलं, अळणी म्हनून." आणि घडी न मोडलेली साडी तिनं कुंदनच्या टेबलावर ठेवली.

महाराजांनी डोळे उघडले. "देवी, प्रसादाला रुची आपोआप येते. ईश्वराची लीला."

"झिंग्यांनी खाल्लेलं मीठ ईश्वरानं परत आणून टाकलं का?" रश्मीनं विचारलं. "मग झिंग्यांना कशाला कामाला लावलं?"

आता हसू महाराजांच्या बाजूचं नव्हतं. रश्मीनं वेळ घालवला नाही. शाळेच्या पोषण आहाराच्या चुली तिथेच होत्या. तिनं दोन गंज चढवायला लावले. एकात गोड्या विहिरीचं पाणी. दुसऱ्यात बोअरचं पाणी, ज्यात एकही झिंगा कधी पोहला नव्हता, आणि त्यात वामनरावांच्याच खिशातली भस्माची पुडी. सरपंचांनी ती देताना खळखळ केली, पण सगळे बघत होते. डाळ शिजेपर्यंत तिनं दुसऱ्या पुडीवर लिंबू पिळून दाखवलं. बायांमधून कोणीतरी बोललं, "अवं, हा तर खायाचा सोडा." त्यानंतर चमत्कारावर वेगळं भाषण द्यायची गरज उरली नाही.

दोन्ही डाळी शिजल्या. यावेळी चाखायची मनाई नव्हती. नत्थुजींनी आधी गोड्या पाण्याची चाखली आणि तोंड वाकडं केलं. मग दुसरी चाखली आणि आणखी एक पळी मागून घेतली.

"हेच," ते शेवटी म्हणाले. "त्या दिवशी हेच खाल्लं."

रश्मीनं शेवटी लोखंडी तव्यावर टाक्यातलं पाणी ओतून आटवायला ठेवलं आणि ते आटेपर्यंत ती बोलली. झिंगा मीठ खात नाही. तो मिठाच्या पाण्यात राहतो, जसे आपण हवेत राहतो, आणि राहून हवा संपवत नाही. तो खातो विकतचं खाद्य. त्यातलं न खाल्लेलं आणि त्याची घाण पाण्यात कुजते. झिंगे आजारी पडले की औषधं पडतात, तीही पाण्यातच. आपल्या उन्हात तळ्याचं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. मग वरून आणखी खारं पाणी ओतायचं. म्हणजे दर हंगामाला मीठ वाढणार, कमी होणार नाही. समुद्रकाठच्या अनेक गावांनी हे भोगलं आहे. तळी एकाची झाली आणि शेजारच्या भातशेतीत मीठ फुललं, विहिरी बिघडल्या, बाया पाण्यासाठी लांब चालू लागल्या. तिथेही झिंग्यांचे पैसे एकाच्या हातात गेले आणि खारं पाणी सगळ्यांच्या वाट्याला आलं. जिथे हा धंदा नीट चालतो तिथे तळ्याला अस्तर असतं, सांडपाणी वेगळ्या तळ्यात निवळतं, तपासणी होते, परवानगी लागते. तिथे कफनी घालून कोणी येत नाही.

मागून जाईबाई उठल्या. सभेत त्या कधी बोलत नसत.

"माहाराज, मले एक सांगा. तुमच्या टाक्याले पिलास्टिक काहून लावलं?"

महाराजांनी कुंदनकडे पाहिलं.

"तुमचं पानी झिरपून वाया जाऊ नये म्हनून ना? मंग ते वरून झिरपून आमच्या विहिरीत आलं तर? भूमातेले समुद्राचा स्पर्श पाहिजे, तं तुमच्या टाक्याखालची भूमाता कोनाची हाये?"

दर्यानाथ महाराज खुर्चीवरून उठले. बारा वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडातून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडली.

"ए बाई, तुले काय करायचं हाये? आमी चांगलं करून राहिलो तं तुमच्या पोटात काहून दुखते?"

मग कोणीतरी नम्रपणे विचारलं, महाराज कोणत्या समुद्राकडचे? नंतर कळलं, की ते मोर्शीकडचे, संत्र्याच्या दलालीत आपटी खाल्लेले. समुद्र त्यांनी मोबाइलवर पाहिला होता.

तव्यावरचं पाणी आटलं होतं. तवा काळा होता, आणि त्यावर पांढरा थर चंद्रकोरीसारखा उमटला होता. रश्मीनं तो तवा पुढच्या रांगेत फिरवायला दिला. ज्यानं त्यानं बोट लावून बघितलं.

ठराव मताला टाकला तेव्हा एकही हात वर आला नाही. वामनरावांचाही नाही. ते उलट म्हणाले, की मला आधीपासूनच शंका होती, पण गावाचं मन मोडवत नव्हतं. सरपंचाच्या शंका नेहमी ठराव पडल्यावरच जाग्या होतात. लोकांनी तेही ऐकून घेतलं.

महाराज आणि कुंदन त्याच दुपारी गेले. बुडबुड्यांची मोटर सोबत नेली, टाकं आणि झिंगे तिथेच सोडले. मोटर नसल्यावर झिंगे संध्याकाळपर्यंत उलटे झाले. वरुणदेव आपल्या झाडूवाल्यांसाठी धावून आला नाही.

मग एक साधी अडचण उभी राहिली. टाक्यातलं पाणी ओतायचं कुठे? पाराजवळ ओतलं तर शेजारच्या शाळेच्या आवारातली झाडं मरतील. नाल्यात ओतलं तर कौशल्याचे वाफे जातील. ज्याच्या शेताकडे बोट दाखवावं तो काठी घेऊन उभा राही. एका टाक्याच्या पाण्याला अख्ख्या शिवारात जागा सापडेना, आणि हेच गाव आठवड्यापूर्वी तशी पंचवीस-तीस तळी आपल्या पिण्याच्या विहिरीच्या डोक्यावर खोदायला अंगठे वर करायच्या तयारीत बसलं होतं. शेवटी कोणी काहीच केलं नाही. मेलेले झिंगे काढून पुरले आणि पाणी राहू दिलं.

वैशाखाच्या उन्हानं ते प्यायलं. मे संपता संपता टाकं कोरडं पडलं, आणि निळ्या अस्तरावर मिठाचा पांढरा थर उरला, पेरभर जाड. येता-जाता लोक तो बघत. झिंग्यांनी खाल्लेलं मीठ, नत्थुजी पाहुण्यांना सांगत. कौशल्यानं एकदा भाजी घेऊन जाताना टोपली खाली ठेवली, बोट लावलं, जिभेला टेकवलं, थुंकली आणि बाजाराला निघून गेली.

झिंग्यांचा यात काही दोष नव्हता. खाऱ्या पाण्यात झिंगे वाढवता येतात. ज्याला वाढवायचे असतील त्यानं खर्च मांडून, अस्तर घालून, सांडपाण्याची जागा ठरवून आणि शेजाऱ्याच्या विहिरीला विचारून वाढवावेत. पण मीठ असो, घाण असो, की विष असो, ते आपोआप नाहीसं होतं असं कोणी सांगू लागला, तर तो शास्त्रज्ञ असो वा साधू, त्याला विचारा की ते गेलं कुठे. उत्तर मिळेपर्यंत अंगठा वर करू नका. आणि जो माणूस तुमचीच डाळ तुम्हाला चाखू नका म्हणतो, ती डाळ सगळ्यात आधी चाखा.